पाणवठा ते पाणउतारा

मे महिना, चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर, आणि तुम्ही ताडोबाच्या मोहर्ली गेटातून तीन सफाऱ्या करून घरी परतला आहात. कार्डात ३,४०० फोटो आहेत. त्यातल्या ३,३५० फोटोंत एकच वाघ एकाच डबक्यात बसलेला आहे. दोन तासांत त्याने काय केलं? पाठमोरा पाण्यात उतरला, आधी बूड भिजवलं, डोळे मिटले आणि पडून राहिला. घाबरू नका. एवढ्या सामग्रीतूनही थरार निर्माण करता येतो, आणि पुढच्या महिन्यात कॅमेरा क्लबाच्या बैठकीत दुसऱ्याच्या थरारातली खोटही काढता येते. दोन्ही विद्या एकदमच शिकाव्यात. आपल्या छंदातली माणसं पाणवठ्यावर जातात ती शेवटी एकमेकांना पाण्यात पाहण्यासाठीच.

१. निवड करा. ३,३५० मधून एक ठेवायचा आहे. घरच्यांना विचारू नका. ते म्हणतील, ‘सगळे सारखेच तर आहेत.’ दुर्दैवाने ते खरं असतं. ज्यात वाघाचा एक तरी डोळा उघडा आहे तो घ्या. असा एकही नसेल तर मिटलेल्या डोळ्यांचा घ्या आणि त्याला ‘ध्यानस्थ’ असं नाव द्या.

२. पाणी सरळ करा. वाघ दिसला की जिप्सीतली सहाही माणसं एका बाजूला उभी राहतात, गाडी कलते, तिच्याबरोबर क्षितिजही कलतं, आणि फोटोत तळं ताटातल्या आमटीसारखं एका कडेला जातं. रेष पाण्याच्या कडेला धरून फोटो फिरवा. या लेखातला हा एकमेव उपयोगी सल्ला आहे, त्यामुळे तो कुणी पाळत नाही.

३. जंगल जंगलासारखं करा. इथे वेळ द्या. उन्हाळ्यात ओढे-नाले आटतात, म्हणून वनखातं बशीसारखे सिमेंटचे पाणवठे बांधतं. काहींत सौरपंपाने बोअरचं पाणी येतं, काहींत टँकर ओतून जातो. वाघाची याबद्दल तक्रार नाही, पण तुमची असली पाहिजे. सिमेंटचा काठ खोडा आणि तिथे गवत लावा. गवत मे महिन्यातलंच घ्या, नाहीतर मागे पानं गळालेला साग आणि पुढे श्रावण, असा नमुना तयार होतो. पाइप खोडा. सौरपॅनेल खोडा. टँकरच्या चाकोऱ्या खोडा. मग पलीकडच्या काठावरच्या अकरा जिप्सी खोडा. बारावी तुमची होती, ती मुळातच फोटोत येत नाही. फोटो काढणाऱ्याची निसर्गाला अडचण होत नाही, असं आपण मानतो ते याच आधारावर.

जिप्सी खोडायचा कंटाळा करू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या पर्यटक गाड्यांच्या मध्ये अडकले. त्याचं चित्रण गाड्यांसकट बाहेर आलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. एडिट न करण्याचे परिणाम हे असे होतात.

नवशिके इथे हमखास एक चूक करतात. काठावरच्या गाड्या खोडतात आणि पाण्यातल्या विसरतात. आमच्या क्लबात एका ज्येष्ठ सदस्यांनी निर्मनुष्य अरण्य म्हणून जो फोटो दाखवला, त्यात काठ खरोखरच ओसाड होता, पण पाण्यात नऊ पर्यटक उलटे लटकत होते. एकाने टोपी धरली होती.

४. प्रतिबिंब नसेल तर करा. जिप्सीत उभं राहून, वरून खाली बघत फोटो काढला की पाण्यात प्रतिबिंबाऐवजी गाळच दिसतो. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतं. नजर पाण्याच्या पातळीजवळ आली की मग त्याचा आरसा होतो. जमिनीवर आडवं पडणं हा उपाय आहे, पण ताडोबात गाडीतून उतरायला बंदी आहे, आणि वाघाने मनावर घेतलं तर पुन्हा गाडीत चढायलाही अडचण येईल. म्हणून घरी बसून वाघाची प्रत काढा, उलटी करा, खाली चिकटवा, जराशी लाटेसारखी थरथरवा. झालं.

मात्र चाणाक्ष समीक्षकापासून सांभाळा. पाणी खालून वर बघत असतं. खऱ्या प्रतिबिंबात वाघाची हनुवटी आणि पोट जास्त दिसतं. चिकटवलेल्यात कपाळ तेवढंच दिसतं जेवढं वर दिसतं. शिवाय खरं प्रतिबिंब मूळ प्राण्यापेक्षा थोडं काळपट असतं. हे ओळखणारा समीक्षक क्लबात एखादाच असतो. तो बोलायला उभा राहिला की चहा आणायला सांगा.

५. रंग. पाणी निळं, वाघ केशरी, अस्वल निळसर काळं. स्लायडर उजवीकडे सरकवत राहा. वाघ नागपूरच्या संत्र्यासारखा दिसू लागला की थांबा. संध्याकाळच्या फोटोतला रवा नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा. मिशांच्या शेवया होतील. होऊ द्या.

६. दिशा बदला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा वाघानेही उजवीकडेच पाहावं असा परीक्षकांचा आग्रह असतो. तुमचा डावीकडे पाहत असेल तर फोटो आडवा उलटा करा. एक कळ दाबायची. यात काही धोका नाही असं मी बरीच वर्षं समजत होतो, त्याबद्दल शेवटी सांगतो.

एक सावधगिरी. हे सगळं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत पाठवू नका. शेवटच्या फेरीत ते मूळ रॉ फाइल मागतात, आणि हुज्जत घालत नाहीत. २०१७ साली तिथे बक्षीस मिळवलेल्या फोटोतला मुंगीखाऊ प्राणी, तो जिथे टिपला त्याच उद्यानाच्या दाराशी ठेवलेल्या भुसा भरलेल्या मुंगीखाऊसारखा तंतोतंत निघाला, आणि २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. तर आपलं जनावर निदान श्वास घेणारं असावं, एवढं पथ्य पाळा. आमच्या क्लबाची अट त्याहून सैल आहे: वर्गणी भरलेली असावी.

आता समीक्षा. फोटो काढायला लेन्स लागते, समीक्षेला नुसती मान. पडद्यावर फोटो आला की ती तिरकी करा, डोळे किलकिले करा, आणि चार सेकंद काही बोलू नका. या चार सेकंदांत समोरच्याच्या तोंडचं पाणी पळतं. मग विचारा, ‘शटर किती होता?’ काहीही उत्तर आलं तरी ‘हं’ म्हणा. ‘हं’ खालच्या पट्टीत पाहिजे.

पुढची वाक्यं पाठ करा, ती कुठल्याही प्राण्याला लागू पडतात. ‘फोटो चांगला आहे, पण प्राणी काही सांगत नाही.’ ‘जागा कमी पडली.’ ‘जागा जास्त झाली.’ ‘हा क्षण पुढच्या क्षणी घ्यायला हवा होता.’ स्कॉटलंडच्या ॲलन मॅकफॅडियन यांना पाण्यात सूर मारणारा खंड्या अगदी चोचीला प्रतिबिंबाची चोच भिडताना टिपायला ६ वर्षं लागली, आणि त्यांच्या हिशेबाने ७,२०,००० फोटो. तो फोटो उद्या तुमच्या बैठकीत आला तर न डगमगता म्हणा, ‘डावीकडे थोडी हवा हवी होती.’

पाणी पिणारा वाघ आला तर जिभेवर बोला. मांजरकुळातले प्राणी जिभेने पाणी उपसत नाहीत. जिभेचं टोक मागे दुमडून पाण्याला नुसतं टेकवतात, झटकन वर ओढतात, आणि मागोमाग चढणारी पाण्याची धार तुटायच्या आत तोंड मिटतात. घरातलं मांजर हे सेकंदाला सुमारे चार वेळा करतं, वाघ थोडा सावकाश. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या हातात क्षणाचा अगदी लहानसा तुकडा असतो, आणि तो त्याने पकडलाय, हे तुम्हाला दिसतं आहे. तरी म्हणा, ‘जीभ अजून थोडी बाहेर हवी होती.’ वाघालाही सुधारणेला वाव असतो.

पाणउतारा करताना गोड बोला. ‘तुमच्याकडून जास्त अपेक्षा होती’ हे वाक्य पहिल्यांदाच फोटो घेऊन आलेल्या मुलीलाही म्हणता येतं. ती रडवेली झाली तर तिला एक बिस्किट द्या आणि सांगा, आम्हीही असेच शिकलो. ते खोटं नाही.

आणि तुमचा फोटो पडद्यावर येईल तेव्हा? आधीच म्हणा, ‘हा मी सहज काढला होता.’ मग गप्प बसा.

आता माझ्या वाघाचं. वरच्या सहाही पायऱ्या चढलेला माझा एक फोटो क्लबात पहिला आला. मी त्याची मोठी प्रिंट काढली आणि पुढच्या उन्हाळ्यात ती दाखवायला ताडोबाला नेली, ज्या गाईडने तो वाघ मला दाखवला होता त्यालाच. वाघाच्या अंगावरचे पट्टे एकासारखे दुसऱ्याचे नसतात, आणि एकाच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. वाघ मोजतात ते यावरच. गाईडने प्रिंट उन्हात धरली, गालावरून बोट फिरवलं, मग कुशीवरून. बराच वेळ पाहिलं.

‘साहेब, हा कोनता जी? आमच्याकडं हा वाघ नाही.’

‘पेंचचा,’ मी म्हटलं.

‘तरीच,’ तो म्हणाला. ‘तिकडं पानी असंच निळं असते.’