उवा, चकाट्या आणि चार माणसं

“काकू, शेंगा सोलताय? द्या थोड्या इकडे.”

“घे. काय गं, माकडं एकमेकांच्या उवा काढतात ती कशासाठी, माहितीये?”

“अंग स्वच्छ राहायला.”

“तेवढंच नाही. ज्याच्या उवा काढल्या तो उद्या भांडणात आपल्या बाजूनं उभा राहतो! काही जातींची माकडं दिवसाचा पाचवा हिस्सा त्यातच घालवतात. रॉबिन डनबार म्हणून एक इंग्रज आहे, त्यानं १९९६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. मेंदूच्या आकारावरून त्यानं हिशेब मांडला, माणसाची टोळी साधारण १५० जणांची. एवढ्यांच्या उवा काढायच्या तर जवळजवळ निम्मा दिवस त्यातच जाणार. मग कंद खणायचे कधी? म्हणून म्हणे माणूस बोलायला लागला. हातानं एका वेळी एकच खूश होतो, तोंडानं तिघं. वर हात मोकळे.”

“तिघंच का?”

“त्यानं लोकांच्या गप्पा कान देऊन ऐकल्या. चारावर पाचवा आला की घोळका फुटतो.”

“हळदीकुंकवाला अगदी तस्संच होतं की!”

“आणि बोलण्यातला दोन तृतीयांश वेळ कोण, कुणाशी, कसं वागलं यातच जातो. पुरुषांचाही बरं का. ते फक्त स्वतःबद्दल जास्त बोलतात.”

“ते सांगायला संशोधन कशाला हवं! पण काकू, मला नाही पटत. उवा काढायला वेळ मोडावा लागतो, म्हणून भरवसा बसतो. गोड बोलायला काय पैसे पडतात?”

“कॅमिला पॉवर नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी हेच विचारलं. स्वस्तातल्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? आणि दीडशेच्या आकड्यावर तर स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०२१ मध्ये फुलीच मारली. म्हणाले, या गणितातून असा एकच आकडा निघतच नाही.”

“शिवाय ‘काल ती त्याच्याबरोबर दिसली’ हे सांगायला नावं हवीत, काळ हवा. म्हणजे चहाडी करायला आधी भाषाच लागते की!”

“बघ, कशी बरोबर अडवलीस.”

“मग पुस्तक वाचू की नको?”

“वाच. उवांचं प्रकरण भक्कम आहे, माकडं डोळ्यांनी बघून लिहिलंय. भाषेचं प्रकरण अजून अंदाजच आहे.”