गाडी नको, झूम समोर घ्या

ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. नियम चांगला आहे आणि तो कायम राहावा. पण त्यामुळे चंद्रपुरातल्या साध्या नोकरदार घरातही आता कॅमेऱ्याची चर्चा होते. लांब झूमची लेन्स कायमची जोडलेला कॅमेरा घ्यायचा, की सुरुवातीचा डीएसएलआर? दुकानदार डीएसएलआर पुढे करतो, मेहुणा त्याला दुजोरा देतो, आणि मोठ्या कौतुकानं खोकं घरी येतं. माझं मत उलटं आहे. जंगलासाठी घेत असाल तर डीएसएलआर घेऊ नका.

उदाहरणादाखल कॅनन 1500डी आणि त्याच्यासोबत मिळणारी 55-250ची लेन्स पाहा. 35 मिमीच्या हिशेबात तिची पोच 400 मिमी. निकॉनच्या पी950ची जोडलेली लेन्स जाते 2000 मिमीपर्यंत. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा वाघ दोन्हींनी टिपला, तर कॅननचा फोटो निकॉनच्या चौकटीइतका कापताना 24 मेगापिक्सेलमधला जेमतेम एक उरतो. यावर ठरलेलं उत्तर येतं, की डीएसएलआरचा सेन्सर बारापट मोठा. आहेच. पण लांबच्या जनावराकडून किती उजेड आत येणार, हे लेन्सच्या तोंडावर ठरतं. 250 मिमीला 5.6चं ॲपर्चर म्हणजे सुमारे 45 मिमीचं भोक. पी950ची लेन्स पूर्ण ताणल्यावर हेच भोक 55 मिमीचं असतं. लांबचा वाघ टिपताना मोठा सेन्सर बहुतेक रिकामं गवतच टिपत असतो.

"लेन्स नंतर घेऊ" म्हणणारे पुष्कळ. 150-600ची लेन्स त्या बॉडीहून महाग आणि दोन किलोच्या आसपास वजनाची. ती बहुतेक घरांत कधीच येत नाही. बॉडीला चिकटलेली 18-55 तशीच राहते, आणि तीच सफारीला जाते.

माझा खरा राग इथे आहे. तोकडी लेन्स हातात असली की माणूस जिप्सीलाच झूम करायला लावतो. मोहर्लीकडून आत गेल्यावर सांबराचा कॉल येतो, गाडी थांबते, बांबूच्या आडोशाला पट्टे हलतात. लगेच मागच्या सीटवरून सुरू होतं, "भाऊ, गाडी थोडी समोर घ्या ना. अजून थोडी." ड्रायव्हर गाइडकडे बघतो, गाइड रस्त्याकडे. पाहुणा नाराज झाला तर टिप गेली, गाडी पुढे घेतली तर नोकरीवर गदा. दोघंही जवळच्याच गावचे, चूल या गेटवर चालणारी. आपल्या लेन्सची उणीव त्यांच्या पोटावर का काढायची?

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आठवा. गोठणगावच्या रस्त्यावर एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या पर्यटकांच्या गाड्यांत अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सगळ्यांना जवळूनच हवं होतं. वाघिणीला रस्ता मोकळा ठेवून शंभर मीटरवरून तिचा चेहरा मिळत असेल, तर त्या कॅमेऱ्याची शिफारस मी चौकात उभा राहून करीन.

धुळीचाही हिशेब करा. एप्रिलमध्ये पुढची जिप्सी गेली की मुरमाची बारीक पूड पाच-पाच मिनिटं हवेत तरंगते. त्यात उघड्या गाडीत कोणी मांडीवर बॅग ठेवून 18-55 काढतो, 55-250 लावतो. तेवढ्यात पूड आत शिरून सेन्सरवर बसते, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळावर काळे ठिपके. जोडलेल्या लेन्सला हा त्रास जवळपास नाहीच.

खोट दाखवायची तर ती पहाटेची. डिसेंबरात गेट उघडल्यावर पहिला तासभर सागाखाली उजेडच नसतो. बिबट्या पंधरा मीटरवर उभा असेल, तर डीएसएलआर सरळ जिंकतो, लहान सेन्सरचा फोटो दाणेदार येतो. अशा वेळी झूम मागे घ्यावा, कारण आखूड टोकाला पी950ची लेन्स 2.8पर्यंत उघडते. उडता पक्षीही डीएसएलआरनंच धरावा, जोडलेल्या लेन्सचे बहुतेक कॅमेरे फोकस शोधेपर्यंत नीलपंख पार होतो. आणि मे महिन्यात पारा 45च्या वर असताना दहा वाजता 2000 मिमीचा हट्ट धरू नका. तापलेली हवाच थरथरते, त्याला कॅमेरा काय करणार? निकॉनच्याच आधीच्या पी900मध्ये रॉ फाइल मिळत नाही, पी950मध्ये मिळते. जुना घेताना हे पाहून घ्या.

गडचिरोलीचं गणित मात्र वेगळं मांडावं लागेल. भामरागड-एटापल्लीकडच्या पोरांना कॅमेरा हवा असतो तो कमाईसाठी. लग्न, नामकरण, शाळेचं स्नेहसंमेलन, रात्रीचा रेला नाच. माणसं जवळ, उजेड कमी. इथे लांब झूम निरुपयोगी आणि सुरुवातीचा डीएसएलआर अगदी योग्य. वापरलेला चालेल, पण सोबत 50 मिमी, 1.8ची छोटी लेन्स हवीच. या कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी ती एक आहे, आणि मंडपातल्या एका बल्बवरही नवरीचा चेहरा स्वच्छ देते. आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला घरचे कॅमेरा घेऊन देणार असतील, तर हाच द्यावा, दोन झूम लेन्सांच्या किटवर पैसे घालवू नयेत. वाघाच्या फोटोनं त्याचं घर चालणार नाही. पहिल्या लग्नसराईतच या कॅमेऱ्याचे निम्मे पैसे तरी वसूल व्हायला हवेत, आणि गावात दुसरा फोटोग्राफर नसेल तर होतीलही.