कपाट क्रमांक तीनच्या मूळ मालकास

प्रति,
माननीय भाऊसाहेब,
(सध्या शेजारच्या तालुक्यात कार्यरत)

विषय : आपण सोडून गेलेले संकलन (टेबल व दप्तर) आवरल्याबाबत.
संदर्भ : १) आपला पदभार हस्तांतरण अहवाल, ज्यात ‘लोखंडी कपाट, १ नग, किल्लीसह’ एवढीच नोंद आहे. २) आपले तोंडी आश्वासन, ‘सगळं जागच्या जागी आहे.’

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर नमस्कार.

मेच्या बदल्यांत तुम्ही गेलात. शाल, श्रीफळ, पेढे सगळं रीतसर झालं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, या संकलनाची खडान्‌खडा माहिती एका भाऊसाहेबांनाच. टाळ्या आम्हीही वाजवल्या. तो गौरव नव्हता, पंचनामा होता, हे कपाट उघडल्यावर कळलं. तेही उघडायला बाजारातून किल्लीवाला आणावा लागला, कारण तुम्ही दिलेली किल्ली निघाली तुमच्या घरच्या सायकलची.

दार उघडताच वरचा खण अंगावर आला. विमा कंपनीच्या कोऱ्या डायऱ्या, कुठल्याशा निवडणुकीतून उरलेल्या लाखेच्या कांड्या, दगड झालेला शिक्क्याचा पॅड, चुन्याची डबी. खालच्या खणांत गठ्ठे. बांधलेले, न बांधलेले, आणि एक लेंग्याच्या नाडीने बांधलेला. टाचण्या इतक्या गंजल्या होत्या की टाचणी काढली की कागदाचा कोपराही तिच्याबरोबर यायचा. एका मोजणी नकाशाची उत्तर दिशा अशीच गेली. शेतकऱ्याने आता बांध कुठे घालायचा, ते तुम्हीच कळवावं.

टेबलाच्या खालच्या ड्रॉवरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. तुम्हाला स्वच्छतेची आवड, म्हणून डबा नुसत्या लाकडावर न ठेवता खाली कागद अंथरलेला. तो उचलून पाहिला, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. सोबत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अंगठ्यावर साक्षीदाराची सही. सगळं पूर्ण. अर्जाच्या मधोमध तेलाचं गोल वर्तुळ, बरोब्बर तुमच्या डब्याच्या बुडाएवढं. आवक नोंदवही चाळली, तेव्हा कळलं की बाईंनी पुढे आणखी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तुम्ही ‘पूर्वीचा अर्ज प्रलंबित आहे’ असं लेखी उत्तर दिलंत. खोटं बोललात असं कोण म्हणेल? प्रलंबितच होता. रोज दुपारी दीड ते दोन, डब्याखाली.

बाकी नियमांचं म्हणाल, तर ते तुम्हाला सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. तरी रिवाज म्हणून लिहितो. सहा गठ्ठे पद्धत आपल्याला नोकरीला लागल्या लागल्या शिकवतात: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचं आणि नष्ट करायचं. तुम्ही या सहांचं एकच कुटुंब करून टाकलंत. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष जपायचे. तुमच्या कपाटात ‘ड’ वर्गाची बैठकीची पत्रं कायमची सुखरूप आणि ‘अ’ वर्गाचा आदेश उंदरांनी कुरतडलेला. १९८०च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालय आवरायला घेतलं, ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलं. तुमचा पॅटर्न गाजला नाही, कारण तो कुणाला सापडलाच नाही.

लोक म्हणतात, भाऊसाहेब आळशी. इथे मात्र मी तुमची बाजू घेणार. आळशाला हे झेपत नाही, याला रोज कष्ट लागतात. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, आणि दुसऱ्या कुणाला दिवसाढवळ्या सापडायचं नाही. यादी केली असती तर तुमच्या जागी कुणीही बसू शकलं असतं. साहेब आले, साहेब गेले, तुम्ही होतात तिथेच. तुम्ही रजा टाकली की संकलन बंद. बाहेरच्या बाकावर खेड्यातून आलेला माणूस ‘भाऊसाहेब कधी येणार?’ एवढंच विचारत बसायचा. समोरच्या टपरीवर कुणी चहा पाजला की मात्र तुम्हाला गठ्ठा पहिल्याच हाताला लागायचा. चहाने स्मरणशक्ती वाढते म्हणतात.

माहिती अधिकारात कुणी कागद मागितला की तुमचं उत्तर ठरलेलं, ‘शोध घेतला असता अभिलेख आढळून येत नाही.’ त्या कायद्याचं कलम ४ सुरूच होतं कागदांची सूची करून ठेवण्यापासून. आणि दुसरा २००५चा कायदा, बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा. त्यातलं बदल्यांचं प्रकरण तुम्हाला तोंडपाठ, पोटकलमांसकट. फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, हे त्याच पुस्तकात जरा पुढे आहे. तिथवर वाचायला सवड झाली नसावी.

२०२५च्या जानेवारीत शंभर दिवसांचा कार्यक्रम आला, त्यात कार्यालयीन स्वच्छतेचं कलम होतं. तुम्ही तीही परीक्षा पास झालात. भिंतीला रंग, दारात कुंड्या, ‘आपले सहर्ष स्वागत’चा फलक, आणि टेबलावरचे झाडून सगळे गठ्ठे एका रात्रीत कपाट क्रमांक तीनमध्ये. दुसऱ्या दिवशी रिकाम्या टेबलामागे बसून काढलेला तुमचा फोटो अजून आमच्या ग्रुपवर आहे.

असो. शिपाईमामा आणि मी मिळून कपाट आवरलं. ‘ड’ वर्गाची यादी करून, साहेबांची मंजुरी घेऊन ते कागद नष्ट केले, त्यातच अर्धं कपाट मोकळं झालं. उरलेल्याची यादी दाराच्या आतून चिकटवली आहे. बाईंचा अर्ज तेलाच्या डागासह समितीपुढे ठेवला. डाग कशाचा, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

आता तुमच्या परवाच्या फोनविषयी. तुमच्या वेतननिश्चितीचा मूळ आदेश मिळत नाही, वेतनवाढ अडली आहे आणि ‘बघ रे, तिथेच कुठेतरी असेल’ असं म्हणालात. होता. मोजणी नकाशा आणि पंख्याच्या वॉरंटीच्या मधे. लेखी अर्ज पाठवा. आवक क्रमांक लगेच मिळेल, आदेश सात दिवसांच्या आत. स्वतः आलात तर दोन मिनिटांत. खण दुसरा, गठ्ठा पाचवा, अनुक्रमांक चौदा. मामांना वाचून दाखवलं तरी ते काढून देतील, मी त्या दिवशी रजेवर असलो तरी.

आपला विश्वासू,
महसूल सहायक
(आपल्याच खुर्चीवरून)