फुस्स किती वेळ?

कोल्हापुरात यंत्र बिघडलं की ते एकट्या मालकाचं राहत नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपच्या वेढ्यात वाढलेलं हे गाव. गल्लीत एक टर्नर, एक फिटर आणि एक निवृत्त सुपरवायझर निघणारच. त्यामुळे कळंब्यातल्या एका गृहस्थांच्या घरगुती कॉम्प्रेसरचा काटा ८० पीएसआयवर बसला आणि ११५ चं नाव काढेना, तेव्हा चहा उकळायच्या आत फाटकाशी पॅनेल भरलं.

ज्याचा जो धंदा, त्याचं ते निदान. फिटर म्हणाला, ‘‘रिंगा गेल्या.’’ वायरमन म्हणाला, ‘‘कपॅसिटर.’’ नळवाल्यानं टेफ्लॉनची पट्टी खिशातून काढलीसुद्धा. सुपरवायझरांनी मात्र थेट भूगोलात हात घातला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, इथली हवाच मुळी विरळ! त्यांचं फार चुकलंही नव्हतं. एवढ्या उंचीवर हवेचा दाब साधारण सहा टक्के कमी भरतो. पण त्यानं टाकी भरायला जरा उशीर होतो, काटा ८० वर ठिय्या देऊन बसत नाही. तसं असतं तर महाबळेश्वरात एकाही गाडीच्या चाकात हवा नसती.

खरा प्रश्न एकच, आणि तो कुणी विचारला नाही. हवा तयारच होत नाही, की तयार होऊन पळते? बाहेरचा कॉक बंद करावा, चढेल तेवढा काटा चढू द्यावा, मोटर बंद करावी आणि चहा प्यावा. परत येईतो काटा उतरला असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी जोडांवर फिरवलं की ती बुडबुड्यांनी स्वतःच हात वर करते. काटा जागचा हलला नाही, तर टाकी निर्दोष. मग वर हेडकडे वळायचं: तुंबलेला एअर फिल्टर, उडालेलं गॅस्केट, किंवा पातळ पोलादी पट्ट्यांचे रीड व्हॉल्व्ह. रिंगांचा नंबर त्यानंतर.

इथं सगळ्यात जास्त बदनाम होतो तो प्रेशर स्विच. मोटर थांबली की त्याच्या पोटातून ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो यायलाच हवा. हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीत अडकलेली हवा तो सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागत नाही. ही हवा सुटलीच नाही तर मोटर नुसती गुरगुरते, उठत नाही. पण फुस्स दोन क्षणांत संपायला हवी. ती चालूच राहिली तर समजावं, टाकीच्या तोंडावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा बसलाय आणि टाकीतलीच हवा उलट पावली बाहेर निघालीय. लोक स्विच बदलतात. नवा स्विचही तितक्याच निष्ठेनं फुसफुसतो.

सेफ्टी व्हॉल्व्हचं कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे ठरावीक पातळीला आपोआप उघडतात, तसंच हे. तो वारंवार उघडत असेल तर त्याची स्प्रिंग आवळून त्याला गप्प करणं हा कोल्हापुरी बाणा नव्हे, वेडेपणा आहे. दोष बहुधा मोटर वेळेवर न तोडणाऱ्या स्विचचा असतो.

तर कळंब्यातला काटा. फिल्टर साफ झाला, व्हॉल्व्ह प्लेटची मोडलेली पट्टी बदलली आणि काटा ११५ ला गेला. एवढंच नव्हे, टाकी नवी होती तेव्हापेक्षाही लवकर भरू लागली. ‘‘नाद खुळा!’’ पॅनेल म्हणालं. ‘‘मी कवापासनं सांगतोय, खालची चावी उघडा म्हणून,’’ आतून बाई म्हणाल्या. पॅनेलनं ते कार्यवृत्तांतात घेतलं नाही.

टाकी लवकर भरणं हेच तर दुखणं. पावसाळ्यातल्या दमट हवेनं ५० लिटरची टाकी रिकामीपासून पूर्ण भरली की आत दोन चहाचे चमचे पाणी सुटतं. ते तळाच्या ड्रेन कॉकमधून काढायचं असतं. काढलं नाही तर साठत जातं. १० लिटर साठलं की टाकी उरते ४० लिटरची: भरते झटकन, रिकामीही झटकन. रंगाची गन जरा चालली की मोटर पुन्हा धावते, आणि दारावर रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

शिवाय पोलाद आतून गंजतं. इथंही तेच झालं होतं. तळाशी टाचणीएवढं भोक दिसलं. ‘‘वेल्डिंग मारून देतो, दहा मिनिटं,’’ एक उत्साही आवाज आला. सुपरवायझरांनी पहिल्यांदाच भूगोल सोडून ठाम नकार दिला. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर ठिगळ लावून आत ११५ पीएसआय कोंडणं म्हणजे टाकी फुटायची तयारी.

हेड आणि मोटर नव्या टाकीसाठी उतरवून ठेवली. जुनी टाकी भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. त्यानं ती एकदा हलवली, कान लावला आणि खाली ठेवली.

‘‘मालक, आधी पाणी काढा, मग वजन करू.’’