मुद्द्याचं बोला, काका!

मला इंग्रजी उत्तम येतं हे माझं मत आहे, आणि आमच्या कार्यालयात ते बहुमत आहे. लेखापरीक्षणाचा आक्षेप आला की फाइल आपसूक माझ्या टेबलावर येते. कालवा फुटलेला असतो, पाणी उभ्या पिकात शिरलेलं असतं. मी असा काही कर्मणी प्रयोग चालवतो की घडलं ते सगळं दिसतं, पण करणारा माणूस पत्रात औषधालाही सापडत नाही. सही करताना साहेब म्हणतात, ‘‘काय ड्राफ्टिंग आहे हो तुमचं!’’ मी ‘‘कसचं, कसचं’’ म्हणतो आणि दिवसभर ते आठवत बसतो.

त्यामुळे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आयएचई संस्थेत पाण्याचं व्यवस्थापन शिकायला जावं असं पंचेचाळिशीत मनाने घेतलं (देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली असून जे कोरडे राहतात, त्यांचं पाण्याबाबत ऐकावं), तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची धास्ती घ्यायचं कारणच नव्हतं. ‘ॲडव्हान्स्ड बॅच’ला नाव घातलं ते शिकायला नव्हे, आपण इतरांच्या किती पुढे आहोत ते बघायला. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. मला ‘काका’ म्हणायचे आणि काकांचा निबंध लाल करून परत द्यायचे.

लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेखाचं वर्णन करायचं असतं, किमान 150 शब्दांत. मला आला पाणीवापराचा आलेख. वीस वर्षं सिंचनात काढलेला माणूस मी. वापर का वाढला, गळती कुठे असणार, सगळं लिहून टाकलं. सरांनी ते सगळं खोडलं. दिसतं तेवढंच लिहायचं, मत विचारलेलं नाही. मत दुसऱ्या प्रश्नात, 250 शब्दांचं. तिथे मी मत दिलं, तर सर म्हणाले, ‘‘काका, तुमचा मुद्दा चौथ्या परिच्छेदात येतोय. तो पहिल्यात हवा.’’

इथे थोडं थांबतो. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1966 साली एक लेख लिहिला. परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध वाचून, कुठले लोक विचार कसा मांडतात याच्या त्याने चक्क आकृत्या काढल्या. इंग्रजीची सरळ खाली जाणारी रेघ. पौर्वात्यांचं आत आत वळत जाणारं वेटोळं. पुढे त्याच्यावर पुष्कळ टीका झाली, शिवाय पौर्वात्य म्हणताना त्याच्यासमोर मुख्यतः चिनी आणि कोरियन मुलं होती. पण ते वेटोळं पाहिलं आणि मला आमचे अण्णाकाका दिसले.

अण्णाकाकांना कुणाकडून पाण्याची मोटर मागून आणायची असली की आधी पावसाने यंदा कसा दगा दिला ते निघे. मग धाकट्याचं कुठे जमलं का, म्हैस किती देते, चहा, सुपारी. मग ‘‘येतो’’ म्हणून उठायचे. चपला घालून, एक पाय पायरीवर ठेवून मागे वळायचे. ‘‘हां, बरी आठवण झाली. मोटर मोकळी आहे का दोन दिवस?’’ आठवण झाली! त्या आठवणीपायीच तर माणूस उन्हातान्हाचा सायकल मारत आलेला. ज्याच्याकडे आले त्यालाही ते आल्या आल्या कळलेलं असे. चहा होईस्तोवर तो मनातल्या मनात द्यायची की नाही ते ठरवी. द्यायची नसली तर मोटर जळाल्याचं दुःख सुपारीच्या आधीच सहज म्हणून बोलून टाकी. अण्णाकाका हळहळत आणि न मागताच परत येत. मागणाऱ्याला मागावं लागलं नाही, नाकारणाऱ्याला नाकारावं लागलं नाही, आणि पुढच्या पोळ्याला दोघं एकमेकांकडे जायला मोकळे. इंग्रजी निबंधात मात्र उंबऱ्याबाहेरच, चपला काढायच्या आत, मोटर मागायची!

हे सगळं मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, ‘‘काका, मुद्दा?’’

वर्गात संगमनेरची एक परिचारिका होती. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी तिला बोलणं, ऐकणं, वाचणं यांत सात गुण आणि लेखनात साडेसहा हवे होते. बोलण्याच्या परीक्षेत कार्डावर विषय देतात. मिनिटभर विचार करायचा, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. वर्गातल्या सरावात तिला आला ‘तुमच्या ओळखीची म्हातारी व्यक्ती’. ती अतिदक्षता विभागातल्या एका आजोबांबद्दल बोलली. ते रात्रभर तिला आपल्या मुलीच्या नावाने हाका मारत होते, ही ओ देत होती. पहाटे मुलगी पोचली तेव्हा आजोबा गेले होते. तोडकी, साधी वाक्यं. चाळीसेक सेकंदांत संपलं. सरांनी घड्याळ पाहिलं. ‘‘मॅडम, अजून वेळ आहे. एक्स्टेंड करा.’’

काय वाढवायचं होतं त्यात? मला खरोखर राग आला. सरांचा नाही; परीक्षाच तशी आहे आणि ती पार करवून देणं हे त्यांचं काम. पण रात्रपाळी करून थेट वर्गात आलेली ती बाई ‘सॉरी सर’ म्हणून खाली बसली, ते मला अजून सहन होत नाही. माझ्या कार्डावर ‘भेटवस्तू’ होती. निवृत्त साहेबांना आम्ही दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर मी सरांनी हात वर करेपर्यंत बोललो. सर खूश. वर्गातल्या कुणाला त्यातलं अक्षर आठवत असेल तर शपथ.

निकाल लागला. मला एकूण साडेसहा, तेही सरासरी सव्वासहा आली की वरच्या अर्ध्यावर नेतात म्हणून. लेखनात साडेपाच, बोलण्यात सहा. बाईंना बोलण्यात सात. हा निकाल दोन वर्षंच ग्राह्य असतो. त्यानंतर माणसाचं इंग्रजी विटतं अशी त्यांची समजूत असावी. तेव्हा ज्यांना मुलाबाळांचे परदेशी अर्ज माझ्याकडून तपासून घ्यायचे असतील त्यांनी मुदतीच्या आत यावं. काम चपला घालताना सांगितलंत तरी चालेल.