दोन मिनिटांचं काम

आमच्या सोसायटीतले लिनक्सकाका कुणाकडेही गेले की आधी कॉम्प्युटरची विचारपूस करतात, मग माणसांची. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, "रॅम किती?" मुलगा आयटीतला होता म्हणून निभावलं.

स्कूटरच्या किल्लीला त्यांचा लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह कायम लटकलेला. "नुसतं दाखवतो. पेनड्राइव्हवरूनच चालतं, तुमच्या मशीनला धक्काही लागत नाही." हे खरंच असतं. पण चहाचा कप खाली ठेवता ठेवता पुढचं वाक्य येतंच, "मग टाकूनच देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." त्या दोन मिनिटांत काकांना आमच्याकडे दोनदा चहा आणि एकदा पोहे झाले होते.

पूर्वी उबंटूवाले मागेल त्याला जगभर आपल्या लिनक्सच्या फुकट सीडी पाठवायचे. काकांनी गठ्ठेच्या गठ्ठे मागवले. त्या वर्षी काकूंच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाटीसोबत प्रत्येकीला एक सीडीही मिळाली. २०११ साली ही फुकट टपालसेवा बंद झाली, तेव्हा काका दोन दिवस गप्प होते. त्यातल्या बऱ्याच सीड्या आज बाल्कन्यांत लटकताहेत. कबुतरं येत नाहीत म्हणे.

२५ ऑगस्टला काका बर्फी वाटतात. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली त्या दिवशी, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, असं जाहीर केलं होतं. तीच लिनक्स. वॉचमनला हे सगळं तोंडपाठ आहे. डेबियन लिनक्सच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं देतात, त्यामुळे वुडी, जेसी, बस्टर ही यादी काका आणि त्यांचा नातू एका सुरात म्हणतात. सून मात्र अजून समजते की सासरे नातवासाठी सिनेमा बघतात.

काकांची खरी कसोटी प्रिंटरपाशी. वायफाय लागतं, गाणी वाजतात, आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "प्रिंट निघेल ना?" काकांचा आवाज एकदम खाली येतो. "कुठल्या कंपनीचा?" हे ते स्थळाचं गोत्र विचारावं तसं विचारतात. मग टर्मिनल उघडतं. काळी चौकट, पांढरी अक्षरं, 'सुडो'पासून सुरू होणारी लांबलचक ओळ, आणि शेवटी पासवर्डची मागणी. यजमान टाइप करतात, पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, टिंब नाही. "कीबोर्ड गेला वाटतं!" "गेला नाही, तसंच असतं. मारा एंटर." "चुकला म्हणतंय." स्वयंपाकघरातून आवाज येतो, "माझं माहेरचं आडनाव, सगळं स्मॉलमध्ये!" पासवर्ड अख्ख्या मजल्याला कळतो, पण चाचणीचं पान बाहेर येतं. काका त्यावर तारीख घालून ते फायलीला लावतात. पान आलं नाही, तर दोष प्रिंटरचा. लिनक्सचा दोष आजवर निघालेला नाही.

तळमजल्यावरच्या सीएंचं टॅली लिनक्सवर अडलं, तेव्हा काकांनी मुकाट्यानं त्यांचं जुनं सगळं परत बसवून दिलं. सेक्रेटरींची मराठी इतिवृत्तं जुन्या फाँटमधली. ती उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. "युनिकोड वापरा म्हणून किती वर्षं घसा कोरडा करतोय!" काका कडाडले. आणि मग ती सगळी इतिवृत्तं त्यांनी स्वतः इन्स्क्रिप्टवर पुन्हा टाइप करून दिली. गळक्या टाकीवरच्या भांडणासकट.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. घरोघरी चकल्या चालू असताना काका पेनड्राइव्ह घेऊन जिने चढत होते. चांगले चालते लॅपटॉप, पण टीपीएम चिप नाही की प्रोसेसर जुना, म्हणून विंडोज ११ त्यांना घेईना. "धडधाकट मशीन भंगारात घालायचं?" हा काकांचा सवाल मलाही बिनतोड वाटतो. नोंदणी केली की आणखी वर्षभर सुरक्षा-अपडेट मिळणार होते, एवढं मात्र ते विचारल्याशिवाय सांगत नव्हते.

काकू या सगळ्यापासून लांब. त्यांचं काम मोबाइलवर. "अगं, तुझ्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे," काका एकदा विजयी मुद्रेनं म्हणाले. "असेल. म्हणूनच त्याला हात लावू नका, चालतंय ते."

तुमच्याकडे जुना लॅपटॉप पडून असेल, तर काकांना जरूर बोलवा. पैसे घेत नाहीत, निम्म्यात सोडून जात नाहीत, आणि मशीन खरोखर पळायला लागतं. फक्त फोटोंची प्रत आधी काढून ठेवा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.