एक्सेलमध्ये फोटो चिकटवण्याचा यथासांग विधी

कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीच्या सचिवांवर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. गच्चीच्या गळतीचे फोटो कंत्राटदाराच्या दरांशेजारी एक्सेलमध्ये लावायचे असतात. फोटो निघालेले असतात चिरंजीवांच्या आयफोनवर, म्हणजे ‘एचईआयसी’ प्रकारात. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत तो आणला. सोसायटीच्या कार्यालयातले एक्सेल मात्र त्याहून जुने. ते फोटो घ्यायला साफ नकार देते.

प्रथम नामकरण. फाइलच्या नावातले ‘एचईआयसी’ खोडून ‘जेपीजी’ लिहावे. फाइल निकामी होऊ शकते, असा इशारा विंडोज देते. ‘येस’ दाबावे, सचिवपदाला शोभेलशा ठामपणे. एक्सेल तरीही बधत नाही. खात्री करायची तर तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. अगम्य चिन्हांच्या गर्दीत, अगदी सुरुवातीलाच, ‘एचईआयसी’ची रोमन अक्षरे स्पष्ट वाचता येतात. दारावरची पाटी बदलली तरी सातबारा जुन्याच नावावर.

मग व्हॉट्सॲप. फोटो स्वतःलाच पाठवून संगणकावर उतरवावा. हा उपाय चक्क लागू पडतो, कारण व्हॉट्सॲप फोटोचा जेपीजी करूनच पुढे धाडते. पण ते फोटो आकसवतेही. भिंतीतली बोटभर भेग पुसट होते आणि कंत्राटदार म्हणतो, “काका, हे तर नुसते पोपडे सुटलेत.” यावर तोड म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवाल, तर मूळ एचईआयसीच हजर.

राहिले संस्थेचे बोधचिन्ह. अप्पा बळवंत चौकातल्या छपाईवाल्याकडून ते येते कोरलड्रॉच्या ‘सीडीआर’ फाइलमध्ये, जी एक्सेलला कळत नाही. त्याच्याकडून पीएनजी मागावे. त्याने ईपीएस दिल्यास नम्रपणे परत करावे. सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ऑफिसमध्ये ईपीएसला दार बंद केले.

एवढा उपद्व्याप टाळायचा असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’ आणि तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडावे. पुढचे फोटो थेट जेपीजी निघतात. अर्धा मिनिट लागतो, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

फोटो एकदाचा आत आला की ‘मूव्ह अँड साइझ विथ सेल्स’ हा पर्याय तेवढा निवडा. नाहीतर फिल्टर लावताच ओळी लपतात, फोटो उघडेच राहतात आणि ‘ब’ विंगची गळती ‘अ’ विंगच्या नावासमोर दिसू लागते.